निऑन कधी मेला, ते आधी सांगा

देवगडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात माशांची तीन फुटी टाकी, सव्वा वर्षं जुनी. तिच्यात दोन एंजल, एक निळा गुरामी, आठ-दहा गप्पी आणि चार कोरी (तळाला फिरणारे कोरीडोरस मासे). जूनच्या शेवटच्या आठवड्यात मुलाच्या हट्टापायी 15 निऑन टेट्रा आणले. तीन आठवड्यांनी उरले 4. पहिल्या दोन दिवसांत तीन मेले, चौथ्या ते नवव्या दिवसात आणखी तीन, आणि बाराव्या दिवसापासून पाच नुसते नाहीसे झाले, एकाचंही प्रेत हाती लागलं नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ, बाकीचे मासे मजेत. दुकानदार म्हणतो, "निऑन नाजूकच, चालायचंच." तर हा कुठला रोग आणि यावर औषध कोणतं?

ताई, औषध आणायला अजिबात जाऊ नका. तुमच्या टाकीत एक रोग नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्यात आणि त्या तिन्ही तुमच्या तारखांमधून सरळ दिसतायत. तुम्ही तारखा लिहून ठेवल्यात यासाठी तुमचं खरंच कौतुक. माझ्याकडे रत्नागिरीत 22 वर्षं टाक्या आहेत, लोक येतात आणि "मासे मरतात हो" एवढंच सांगतात. मी विचारतो, कधी? आणल्यावर कितव्या दिवशी? रात्री की दुपारी? तिथे गाडी अडते. माझ्या टाकीशेजारी भिंतीवर एक कॅलेंडर कायम टांगलेलं असतं. मासा मेला की लाल ठिपका, पाणी बदललं की निळा, वीज गेली की किती तास गेली तो आकडा. वर्षभराने ते पान बघितलं की लाल ठिपके निळ्या ठिपक्यांच्या पाठोपाठ कसे येतात ते कळतं. माझी निम्मी अक्कल त्या कॅलेंडरातून आलेली आहे.

पहिल्या दोन दिवसांतले तीन तुमच्या टाकीने मारलेले नाहीत. ते पिशवीत मेले होते, जीव तुमच्याकडे येऊन गेला इतकंच. निऑन मूळचा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला, पण आज बाजारात मिळतो तो जवळपास सगळा शेततळ्यात आणि टाक्यांत वाढवलेला. आपल्याकडे तो बहुतेक वेळा चेन्नई किंवा कोलकात्याहून मुंबईला आणि तिथून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने डिकीत खोक्यातून कोकणात उतरतो. म्हणजे दोन-तीन रात्री पिशवीत. त्या बंद पिशवीत काय होतं ते बघा. मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच (आंबटपणाचा आकडा, 7 च्या जितका खाली तितकं पाणी आंबट) खाली जातो. कल्ल्यांतून अमोनियाही सुटत असतो, पण पीएच खाली असल्यामुळे तो बहुतांश बिनविषारी अमोनियमच्या रूपात पडून राहतो. मासा कसाबसा तग धरतो. आपण घरी येऊन पिशवीचं रबर सोडतो, तोंड उघडतो आणि पुस्तकात वाचलेलं आठवून तासभर थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत बसतो. तोंड उघडल्याबरोबर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि साठलेला अमोनिया जागा होतो. आपण हौसेने माशाला त्यातच ठेवलेलं असतं.

म्हणून माझा रिवाज असा. गावातल्याच टाकीतून पंधरा मिनिटांत आणलेला मासा असेल तर थेंब थेंब पद्धत उत्तम. लांबून आलेली पिशवी असेल तर ती न उघडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायची, तापमान जुळलं की फोडायची, मासे जाळीत घ्यायचे आणि थेट सोडायचे, पिशवीचं पाणी मोरीत. मात्र सोडायचे ते मोठ्या टाकीत नाही, वेगळ्या ठेवलेल्या छोट्या जागेत. मी त्यासाठी बर्फाच्या मासळीचा थर्माकोलचा खोका वापरतो. नवा कोरा घ्यायचा, मच्छी ठेवलेला नको. वीस-पंचवीस लिटर पाणी मावतं, थर्माकोलमुळे रात्री-दिवसाचा फरक कमी पडतो, एक स्पंज फिल्टर आणि बदामाची दोन पानं, झालं. दोन-तीन आठवडे तिथे. तेवढ्यात पांढरे ठिपके, बुरशी, काय निघायचं ते निघतं आणि घरच्या माशांना लागत नाही.

आणि दुकानात माल उतरला त्या दिवशी घेऊ नका. "आज नवीन माल आलाय" ही पाटी भाजीच्या गाडीवर शोभते. निऑनच्या बाबतीत मी विचारतो, मागच्या आठवड्यातले उरलेत का? ते द्या. जे मरायचे ते दुकानातच मरून गेलेले असतात. पोट खपाटीला गेलेले, डोकं अंगापेक्षा मोठं दिसणारे निऑन स्वस्तात दिले तरी घेऊ नयेत. ते पुन्हा खायला शिकत नाहीत.

आता चौथ्या ते नवव्या दिवसातले तीन. इथे तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलेलं एक वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. "नवीन मासे येणार म्हणून आदल्या दिवशी टाकी स्वच्छ केली, फिल्टरचा स्पंज नळाखाली अगदी पांढरा होईपर्यंत धुतला." पाहुणे येणार म्हणून घर झाडतो तसं तुम्ही केलंत, आणि नेमकं तेच नडलं. त्या स्पंजमधला चॉकलेटी गाळ म्हणजे घाण नव्हती, तो तुमचा नोकरवर्ग होता. माशांचा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू तिथे राहतात. ही वसाहत नव्याने जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती एका दुपारी वाहून घालवलीत आणि दुसऱ्या दिवशी 15 नवीन तोंडं आत सोडलीत. वर नळाचं पाणी कुठलं, तर जूनच्या शेवटाचं. पावसाळा लागला की ग्रामपंचायत विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरिनची ब्लीचिंग पावडर, ओतते. ओतायलाच हवी, नाहीतर गावात गॅस्ट्रो येईल. पण जे पाणी माणसाला वाचवतं ते स्पंजमधल्या जिवाणूंना आणि निऑनच्या कल्ल्यांना मारतं.

पाण्यात क्लोरिन आहे की नाही हे वासावरून ठरवू नका, नाक फसतं. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस किंवा आरोग्य सेवक ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतो, तुम्ही बघितली असेल. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरिन आहे. त्याच द्रावणाची बाटली स्वस्तात मिळते, घरात ठेवा. पिवळं आलं तर पाणी रुंद टबात हवा सोडून दिवसभर ठेवा किंवा हायपो (सोडियम थायोसल्फेटचे खडे) वापरा. 100 लिटरला 1 ग्रॅम हायपो टाकला तर सुमारे 1 पीपीएमपर्यंतचं, म्हणजे लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंतचं, क्लोरिन मरतं. टीसीएल पडल्याच्या दिवशी मात्र एवढ्यावर भागेलच असं नाही, तेव्हा पुन्हा थेंब टाकून बघायचं, पिवळं राहिलं तर आणखी थोडा. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनदा पिळायचा, बास. पांढरा झाला पाहिजे असं काही नाही.

"मग एंजल आणि गप्पी का नाही मेले?" हा तुमचा पुढचा प्रश्न. दोन कारणं. एक म्हणजे ते सव्वा वर्षं त्याच पाण्यात मुरलेत. पाणी रोज थोडं थोडं बिघडलं तर आतले मासेही रोज थोडे थोडे त्याला सरावतात, बाहेरून येणारा एका झटक्यात त्यात पडतो. दुसरं, इवल्याशा माशाचा श्वास आणि पचन त्याच्या आकाराच्या मानाने फार वेगात चालतं, अंगात साठा काही नसतो. विष असो, उपास असो, ऑक्सिजनची तूट असो, त्याच्याकडे मुदत कमी. आणि गप्पींचं तर बोलूच नका. त्यांना आरोग्य खातं डासांच्या अळ्या खायला विहिरीत नि गटारात सोडतं, तिथेही ते पिल्लं घालतात. गप्पी जिवंत आहे यावरून पाणी चांगलं आहे असं कधीच म्हणू नये.

पाणी काचेसारखं स्वच्छ हाही पुरावा नाही. अमोनियाला रंग नाही.

इथे थोडं थांबून आपल्या पाण्याबद्दल सांगायला हवं, कारण शहरातल्या लोकांचे सल्ले कोकणात उलटे पडतात. तुमची पट्टी पीएच 6.2 दाखवते असं तुम्ही लिहिलंय. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी असंच असतं, किंचित आंबट आणि अतिशय मऊ. खाडीलगतची विहीर सोडून द्या, तिथे एप्रिल-मेमध्ये खारं चढतं. पण कातळावरच्या विहिरीत क्षार नावालाच असतात. निऑनला हे मानवतं, त्याच्या मूळ ओढ्यांचं पाणी असंच. पण या पाण्याला दम नाही. पीएच धरून ठेवायला जे कार्बोनेट लागतं ते त्यात जवळपास नसतं, आणि ते जिवाणू अमोनिया खाताना असलेलंही संपवतात. महिनोन्‌महिने पाणी न बदलता नुसतं आटलेलं वरून भरत राहिलं तर पीएच घसरत घसरत साडेपाच, पाचवर येतो. तिथे जिवाणू कामच थांबवतात. अमोनिया साठत राहतो, पण इतक्या कमी पीएचला तो झोपलेला असतो, म्हणून मासे ठीक दिसतात. आपल्याला वाटतं टाकी अगदी बसली. मग कुणीतरी ताजं पाणी ओततं.

ते कुणीतरी म्हणजे मी. काही वर्षांपूर्वीचा मे महिना, परसातली विहीर तळाला गेलेली, घरात प्यायला टँकर. टाकीत 17 कार्डिनल टेट्रा, दीड वर्षाचे, लालभडक, येणारा-जाणारा थांबून बघायचा. त्या टाकीला मी दोन महिने हात लावला नव्हता. पाहुणे येणार होते, काच पुसली आणि अर्धी टाकी रिकामी करून टँकरचं पाणी भरलं, हायपोसुद्धा टाकला, म्हणजे आपण किती काळजी घेतो ते बघा. रात्री साडेदहाला सगळे वर येऊन फिल्टरच्या तोंडाशी गोळा झालेले. मला वाटलं उकाडा आहे. पहाटे पाचला दिवा लावला तर तळाला सतरा पांढुरके तुकडे, लाल पट्टा विझून मातकट झालेला, आणि दोन्ही एंजल त्यांच्यावरून निवांत फिरतायत. सकाळी टँकरच्या पाण्यात पट्टी बुडवली तर 7.8. जुन्या पाण्याची बादली अजून मोरीत होती, तिच्यात 5.2.

हिशोब साधा आहे. 28 अंश तापमानाला पीएच 6 असेल तर एकूण अमोनियातला विषारी भाग साधारण 0.07 टक्के असतो, पीएच 8 ला तो 6.5 टक्क्यांच्या आसपास जातो. तेच पाणी, तोच अमोनिया, विष जवळजवळ शंभर पट. मी दीड वर्ष सांभाळलेले मासे चांगल्या पाण्याने मारले होते.

तेव्हापासून मी दर आठवड्याला पंधरा-वीस टक्केच पाणी बदलतो, कधी एकदम अर्धं नाही, आणि पाण्याचा उगम बदलणार असेल तर आधी दोन्ही पाण्यांत पट्टी बुडवतो. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपल्या ठेवतो. आपल्याकडे तिसऱ्या (शिंपल्यातली मासळी) खाल्ल्यावर त्या उकिरड्यावरच जातात. घासून, उकळून, चार उन्हं दाखवून घ्यायच्या. पाणी आंबट झालं की त्या हळूहळू विरघळतात, नाही झालं तर नुसत्या पडून राहतात, म्हणून जास्त होण्याची भीती कमी. घाईची गरज पडली तर खाण्याचा सोडा, 100 लिटरला 3 ग्रॅम म्हणजे अर्ध्या चमच्याच्या जरा वर. त्याने कार्बोनेटची कठिणता एक जर्मन अंशाने (ती मोजायचं एकक) वाढते. एका दिवसात त्याहून जास्त नको. आणि हो, हे 100 लिटर खरे मोजा. 36 बाय 15 बाय 18 इंचांची टाकी कागदावर 159 लिटर भरते, पण वरची कोरी कड, वाळू, दगड वजा केलं की हाती 130 राहतात. औषधाचं माप कागदावरच्या आकड्याने टाकून मासे मारलेले लोक मी बघितलेत.

बदामाच्या पानांचंही तसंच. समुद्रकाठी आणि दारोदार जो देशी बदाम आहे, त्याची आपोआप गळलेली लाल-तपकिरी पानं टेट्राला फार चांगली. लोक ती ऑनलाइन पैसे देऊन मागवतात आणि आपण झाडून जाळतो. पण जांभ्याच्या पाण्यात ती पीएच आणखी खाली ओढतात, म्हणून पानं टाकायची तर शिंपल्याही हव्यात. फवारणीच्या बागेतलं पान मात्र उचलू नका.

फवारणीवरून आठवलं. तुम्ही देवगडात, म्हणजे आजूबाजूला हापूस असणारच. पालवीच्या वेळी डेल्टामेथ्रिन मारतात, आणि त्या जातीची सगळी कीटकनाशकं माशांना भयंकर विषारी. डासांच्या अगरबत्तीत आणि प्लगमध्ये लावायच्या बाटलीतही त्याच कुळातली रसायनं असतात. माणसाला सोसतात, माशाला नाही. हवेचा पंप त्याच खोलीत असला की ती धुरकट हवा रात्रभर पाण्यात बुडबुड्यांनी सोडत राहतो. पावसाळ्यात संध्याकाळी दारं बंद, अगरबत्ती लावलेली, आणि सकाळी लहान मासे गिरक्या घेतायत, हे मी दोन घरांत बघितलंय. पंप दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी लांब घ्या. फवारून आलेल्या माणसाने दोन दिवस टाकीत हात घालू नये.

आता ते गायब झालेले पाच. ताई, ते एंजलच्या पोटात आहेत. तुमचा मुलगा म्हणतो एंजल शांत असतात, दिवसा असतातच. विकत आणताना ते रुपयाएवढे होते ना? सव्वा वर्षात तळहाताएवढे झाले. निऑनसारखे बारीक मासे हे ॲमेझॉनमध्ये त्यांचं खाणंच आहे. दिवा विझला की निऑनचा रंगही फिका पडतो, तो झुडपांच्या आडोशाला निश्चल राहतो, आणि एंजल पहाटे अंधुक उजेडात निघतो. रोज नाही, एक-दोन रात्रींआड एक. तुमच्या तारखा अगदी तशाच आहेत. पहिले दहा दिवस का नाही खाल्ले? नवी चीज ओळखायला त्यांना वेळ लागला असेल, किंवा मेलेले खाऊन चटक लागली असेल. शेवटचे पाच आजारीही नसतील. एक गोष्ट तरीही तपासा, टाकीच्या मागे नि खाली टॉर्च मारा. उडी मारून पडलेला निऑन मुंग्या तासाभरात नेतात. आणि आत मेलेला एवढासा मासा 29-30 अंशांच्या पाण्यात गोगलगायी आणि कोरी मिळून एका रात्रीत साफ करतात, म्हणून प्रेत न दिसणं हा एकट्या एंजलवरचा पुरावा नाही. पण पाच तारखा एका ओळीत आल्या की मी एंजललाच धरतो.

मेलेला मासा दिसला की तिथल्या तिथे काढा, कारण निऑनचा म्हणून जो खरा रोग आहे तो मेलेला खाल्ल्यानेही पसरतो. पट्ट्यात पांढुरका डाग, पाठ वाकडी, कळप सोडून एकटा पोहणं, अशी खूण दिसली तर तो मासा वेगळा करा. त्याला औषध नाही. तुमच्या वर्णनात मला तशी खूण कुठे दिसत नाही.

तर सध्या काय करायचं. उरलेले चार निऑन आजच जाळीने काढून खोक्यात ठेवा, खोक्याला त्यांच्याच टाकीचं पाणी घ्या. दोन-तीन आठवडे मोठ्या टाकीत एक दिवसाआड चिमूटभरच खाणं, दर तीन दिवसांनी पंधरा टक्के पाणी, क्लोरिन तपासून. कुणा ओळखीच्याची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंजाचा तुकडा मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये कोंबा, महिन्याचं काम आठवड्यात होईल. वीज गेली तर खाणं बंद. तास-दोन तास चालतं, पुढे बॅटरीवरचा हवेचा पंप लागतो. तौक्ते वादळाच्या वेळी, 2021 च्या मे मध्ये, आम्ही घरातली माणसं पाळीपाळीने तांब्याने पाणी उंचावरून टाकीत ओतत होतो. वीज परत आली की बंद डब्याचा फिल्टर सरळ चालू करू नका, आत कुजलेलं पाणी असतं. आधी ते ओतून द्या.

चार निऑन हा कळप नाही, पण त्यांना सोबत आणायची घाई आता नको. त्याआधी एंजल की निऑन ते घरात बसून ठरवा, दोन्ही होणार नाहीत. एंजल द्यायला जीव होत नसेल तर निऑनऐवजी एंजलच्या तोंडात न मावणारे, अंगाने उंच टेट्रा बघा. एंजल गेले तर पुन्हा निऑनच घ्या असंही मी म्हणणार नाही. निऑनला 20 ते 26 अंश बरं वाटतं आणि आपल्या घरात मेमध्ये पाणी 30 च्या वर जातं. 25 अंशाला पाण्यात लिटरमागे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला 7.5. घाटावरचे लोक पाण्यावर पंखा सोडून तीन-चार अंश उतरवतात, आपल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, एखाद-दीड अंश उतरला तर नशीब. कार्डिनल दिसायला निऑनचाच भाऊ, पट्टा उलट जास्त लाल, आणि तो 28-29 अंशांत आनंदाने राहतो. महाग आहे, पण तीनदा निऑन आणण्यापेक्षा स्वस्त पडतो. हार्लेक्विन रासबोराही चालेल.

मी स्वतः नवीन टेट्रा गणपती गेल्यावर आणतो. रंगरंगोटी, धूप, पाहुणे आटोपलेले असतात, टीसीएलचा जोर उतरतो, पाणी 27 च्या आसपास असतं आणि विहिरी भरलेल्या. तोवर ते चार खोक्यात नीट राहतील. त्यांना सकाळी बादलीतल्या डासांच्या दोन-चार अळ्या द्या, मुलाला मोजून टाकायला सांगा, आणि उरलेली बादली त्याच दिवशी ओता, नाहीतर आरोग्य सेविका तुमच्याच दारात उभी राहायची.